माल राज्याबाहेर नेणार

बर्नीला त्या हसण्याची शिसारी यायची. दुकानातला फटाक्यांच्या दारूचा वास, पत्र्याखालचा उकाडा, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय, हे सगळं ती सोसायची. पण कागदावर सही करताना माणूस जे हसतो, ओठाचा एकच कोपरा वर ओढून, जणू तुझं नि माझं काहीतरी गुपित आहे, ते हसणं तिला सोसवायचं नाही.

डन्फीचं फटाक्यांचं दुकान ओहायोच्या अगदी काठावर. पुढं दोन वळणं घेतली की पेनसिल्व्हेनिया. आणि तेव्हाचा आमचा कायदा असा, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी चेष्टा करतंय. दुकानदारानं फटाके विकावेत, गिऱ्हाइकानं घ्यावेत, पण राज्यात उडवू नयेत. घेताना एका कागदावर लिहून द्यायचं, हा माल मी दोन दिवसांच्या आत राज्याबाहेर नेणार. खाली सही. नेला की नाही ते बघायला काळं कुत्रं येत नव्हतं. पलीकडं पेनसिल्व्हेनियात त्याहून तऱ्हा. तिथली दुकानं बाहेरच्या राज्यातल्या माणसाला विकायची, आपल्या माणसाला नाही. त्यामुळं चार जुलै, म्हणजे देशाचा वाढदिवस, जवळ आला की त्या एकाच रस्त्यानं इकडची माणसं तिकडं नि तिकडची इकडं, गाड्या भरभरून चाललेली. समोरासमोर आले की हॉर्न वाजवून हात करायची.

बर्नीचं काम त्या कागदाचं. दोरीला बांधलेलं पेन पुढं करायचं नि म्हणायचं, "इथं सही, इथं कुठं नेणार ते." समोरचा तिच्या गल्लीतला. त्याचं कुत्रं तिच्या वाफ्यात घाण करायचं. चार तारखेला रात्रभर तो आपल्या अंगणात धूर करणार हे तिला ठाऊक, तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक. मग तो हसायचा. 'कुठं नेणार' तिथं लोक वाटेल ते लिहायचे. कोणी हवाई, कोणी सासूच्या घरी. गावच्या मेयरनं एकदा लिहिलं, चंद्रावर.

जूनमध्ये राज्याचा तपासनीस यायचा. माणूस कडक. फळ्यांमधलं अंतर टेप लावून मोजायचा, पाण्याचे फवारे सोडून बघायचा, मागचं दार आतून ढकलून बघायचा. मग खुर्ची ओढून कागद चाळायचा. त्या वर्षी त्याला चंद्र सापडला.

"डन्फी, हे काय?"

"राज्याबाहेर आहे ना?" डन्फी म्हणाला.

तपासनीसानं थोडा विचार केला. "आहे," म्हणाला, नि पान उलटलं.

बर्नीनं त्याला कॉफी देता देता विचारलं, "साहेब, हे सगळं खोटं आहे हे तुम्हाला माहीत नाही का?"

"बाई, सही आहे का नाही, हे बघायचं काम माझं. खरी आहे का, ते काम राज्यानं अजून कोणाला दिलेलं नाही." त्यानं कॉफीत साखर टाकली. "मला देऊ नये एवढीच प्रार्थना."

माणूस वाईट नव्हता. तेच तर वाईट होतं.

डन्फीला त्या तपासणीची मात्र धडकी असायची. राज्यानं नवीन लायसन द्यायचं बंद केलेलं, जुनी होती तेवढीच. म्हणजे डन्फीच्या भिंतीवर काचेत लावलेलं ते लायसन ही दुभती गाय. सासऱ्याकडून आलेली. बायकोच्या वाढदिवसाची तारीख तो विसरायचा, लायसनच्या नूतनीकरणाची नाही.

तर त्या वर्षी जुलै लागला नि एक दिवस बर्नीच्या रांगेत तिचा थोरला भाऊ एमिल उभा. टोपी हातात, एका पिशवीत चार बाण नि दोन भुईनळे.

एमिल कसला माणूस ते आधी सांगायला पाहिजे. पोलादाचा कारखाना बंद पडल्यावर तो शाळेची बस चालवायला लागला नि त्यातच रमला. लग्न केलं नाही. बस शाळेची, पण सुट्टीत ती धुवायला हा स्वतःचा साबण घेऊन जायचा. कुठल्या पोराला उलटी होते, कुठल्या पोरीला खिडकीच लागते, सगळं पाठ. आणि खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. नाकानं कांदे सोलणारा नव्हता तो, दुसऱ्याला कधी शिकवायला जायचा नाही. त्याला फक्त यायचं नाही, जसं काहींना शिट्टी वाजवता येत नाही. लहानपणी बर्नीनं चोरून मुरंबा खाल्ला की माम्का, म्हणजे त्यांची आई, बर्नीला विचारायचीच नाही. सरळ एमिलला विचारायची.

"काय रे, वाट चुकलास?" बर्नी म्हणाली.

"माम्कासाठी. जो आणायचा ना दरवर्षी."

जो त्यांचा मधला भाऊ. त्याच हिवाळ्यात गेला. माम्काचा जन्म चार जुलैचा, आणि त्या साली तिला नव्वद पूर्ण होणार होती. ती नवी नवरी असताना बाप परसात दोन बाण सोडून तिला म्हणायचा, बघ लुडमिला, अख्खा देश तुझ्यासाठी दिवाळं काढतोय. बापामागं ते जोनं चालवलं. एमिलनं आजवर फटाक्याला हात लावला नव्हता. तो बाजूला बसून मक्याची कणसं भाजायचा.

बर्नीनं कागद पुढं केला. एमिलनं चष्मा काढला, पुसला, घातला, नि वाचायला लागला. वरपासून. मागं रांग वाढली.

"अगं बर्नी, यात लिहिलंय की राज्याबाहेर न्यायचे."

"लिहिलंय ते लिहिलंय. सही कर."

"पण आपण तर परसात उडवणार."

"हळू बोल रे."

मागून एक जाडा गडी म्हणाला, "काका, ती कादंबरी नाही. खाली सही ठोका, मोकळे व्हा."

"जो सही करायचा?" एमिलनं विचारलं.

"करायचा."

"मग तो न्यायचा कुठं?"

"परसात, एमिल. तू दहा पावलांवर बसलेला असायचास."

एमिलचे कान लाल झाले. "मला वाटायचं त्याच्याकडं परवानगी असेल."

मागची सगळी रांग हसली. बर्नीला वाटलं, देवा, जमीन दुभंगू दे, आणि मला नको, या सगळ्यांना घे. एमिल पिशवी घेऊन बाजूला झाला. बाणांच्या ढिगाशेजारी बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा चेहरा उजळलेला.

"स्तानोचं शेत पलीकडं पेनसिल्व्हेनियात आहे ना? तिकडं नेतो. माम्कालाही नेतो."

"माम्का नव्वदीची आहे."

"मग मी कुठं चालवत नेतोय? पिकअपनं नेतो."

"एमिल, ऐक. तिकडंही उडवायला बंदी आहे. तिकडचे पोलीस याच दिवसांत हद्दीवर टपून असतात."

एमिलनं कागदावर बोट ठेवलं. "मग हे काय? सरकार असं कधी सांगेल का, की इथला गुन्हा तिथं जाऊन करा?"

बर्नीनं वाढलेल्या रांगेकडं बघितलं नि पेन त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं सही केली. 'कुठं नेणार' तिथं चुलतभाऊ स्तानोचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. त्या ढिगात खरा पत्ता असलेला तो पहिलाच कागद. डन्फी मागून डोकावला, वाचला, नि बर्नीच्या कानाशी म्हणाला, "हा कोण गं?"

"माझा भाऊ."

"डोक्यानं बरा आहे ना?"

"तुमच्यापेक्षा," बर्नी म्हणाली.

चार तारखेला संध्याकाळी तिघं निघाले. एमिल चालवायला, मध्ये माम्का, मांडीवर खसखशीचा रोल कापडात गुंडाळून, कडेला बर्नी. मागं ताडपत्रीखाली पिशवी. एमिलनं ती दोरीनं अशी बांधलेली की जसं आत तान्हं मूल आहे. माम्काला कमी ऐकू यायचं, म्हणून ती स्वतःच मोठ्यानं बोलायची. "जो कुठाय?" असं तिनं एकदा विचारलं, मग स्वतःच म्हणाली, "हां हां," नि रोलवरचं कापड सारखं केलं.

हद्दीचा फलक मागं पडला. एमिल म्हणाला, "झालो बाहेर." असं म्हणाला की जसं डोंगर चढून आला.

फर्लांगभर पुढं, एका बंद पंपाच्या आडोशाला पोलिसांची गाडी. दिवे लागले.

पोलीस पोरगेलासा होता. खिडकीत वाकला, तिघांना बघितलं, माम्काच्या मांडीवरच्या रोलचा वास घेतला. त्यालाही वाटलं असेल, चुकीची गाडी थांबवली. "मागं काय आहे, काका?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कोंबड्यांचं खाद्य. एमिल म्हणाला, "फटाके. चार बाण नि दोन भुईनळे." आणि खिशातून त्या कागदाची घडी केलेली नक्कल काढून दाखवली. "इथं लिहिलंय राज्याबाहेर न्यायचे. आणलेत."

पोलिसानं कागद वाचला. पुन्हा वाचला. तोंडावर मूठ धरून खोकला. "काका, हे उडवायचे कुठं?"

"स्तानोच्या शेतात. इथून जवळच. तुम्हीही या, रोल आहे."

"एमिल," बर्नी म्हणाली, "गप्प बस."

"काका, तुम्ही हे मला सांगायला नको होतं."

"तुम्ही विचारलंत."

पोरगा चांगला होता. त्यानं खरंच एकदा रस्त्याकडं मागं-पुढं बघितलं, कोणी येतंय का. पण मागून त्याच्या वरिष्ठाची दुसरी गाडी आली होती नि मग काही इलाज राहिला नाही. पिशवी उतरवली. लायसन मागितलं. लिहायला बसला.

अंधार उतरायला लागला होता. आणि मग त्यांच्या पाठीमागं, ओहायोच्या बाजूला, सुरू झालं. आधी एक बाण, मग चार, मग अख्खं आभाळ. हिरवं, तांबडं, सोनेरी, झाडांच्या शेंड्यांवर नुसता सडा. बर्नीनं आरशात बघितलं. ते सगळे तिनं विकलेले. एक एक सही तिच्या डोळ्यांपुढं फुटत होती. चंद्रावर जाणारा माल मेयरच्या घरावर फुटत होता. तिला वाटलं, खिडकीतून डोकं काढून ओकावं. ज्यांनी कागदावर थुंकलं ते तिकडं बियर पीत बसलेत नि ज्यानं कागद पाळला त्याचं नाव इकडं पोलीस लिहितोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण इथं तर चोरांनी संन्याशाच्या फाशीला रोषणाई केलेली.

माम्कानं मान वळवून बघितलं नि टाळ्या वाजवल्या. "बघ, बघ. अख्खा देश." मग पोलिसाला म्हणाली, "पोरा, माझा वाढदिवस आहे."

"हॅपी बर्थडे, आजी," पोलीस म्हणाला, नि एमिलच्या हातात समन्स दिलं.

दुसऱ्या आठवड्यात शाळेनं एमिलला बोलावलं. साहेबांनी आधी चहा विचारला, तेव्हाच एमिलला कळलं. स्फोटक वस्तूंचा गुन्हा म्हटल्यावर नियम स्पष्ट होता: निकाल लागेपर्यंत किल्ल्या इथं ठेवा, आणि निकाल उलटा गेला तर बस कायमची गेली. शाळा ऑगस्टअखेरीला उघडणार होती. एमिलनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या नि साबणाची बादली उचलून घरी आला.

त्या दिवसापासून तो जेवायला बसला की नुसता चमचा फिरवायचा. "पहिलीत येणाऱ्या पोरांना पायरी उंच पडते," म्हणायचा. "नव्या माणसाला ठाऊक नसणार. कोणी सांगेल का त्याला?"

डन्फी स्वतः बर्नीच्या घरी आला. आजवर कधी आला नव्हता. हातात डबाबंद हॅम.

"एवढी माणसं, बर्नी. एवढ्या वर्षांत एवढ्या सह्या. आणि खरंच जाणारा एक निघतो, तोही तुझा भाऊ."

"मग काय करायचं होतं त्यानं?"

"जे सगळे करतात ते. आता तिथं उभं राहून हा त्या कागदाचं पुराण लावणार. पेपरवाले येणार. राज्य विचारणार, डन्फीकडं काय चाललंय. आणि माझं लायसन गेलं तर परत मिळायचं नाही, हे तुला माहीत आहे." त्यानं हॅम टेबलावर ठेवलं. "माझा जावई वकील आहे. फुकट लढेल."

जावई आला. बूट चकचकीत, बोलणं त्याहून. त्याला तोड फार सोपी वाटत होती. "काका, माल घेऊन नुसतं जाणं आणि इथं उडवायला आणणं यात फरक आहे. तुम्ही फक्त म्हणायचं, आम्ही पुढं चाललो होतो. मेरीलँडला, कुठंही. पेनसिल्व्हेनिया वाटेत लागतं, त्याला तुम्ही काय करणार? एक वाक्य. खटला संपला."

"पण आम्ही स्तानोकडं चाललो होतो," एमिल म्हणाला.

"ते मला माहीत आहे."

"त्या पोलिसालाही माहीत आहे. मी सांगितलं."

"पोलिसाचं मी बघतो, नि तो कागद तुमच्याच खिशात राहिलाय. तो पोरगा रात्री झोपत नाही म्हणे, नव्वदीच्या आजीला अडवलं म्हणून."

"मग तो खोटं बोलणार?"

वकिलानं बर्नीकडं बघितलं, जसं बघतात समजूतदार माणसाकडं. आणि बर्नी, कोण जाणे कुठून, एमिलच्या खुर्चीजवळ बसली नि म्हणाली, "अरे एक वाक्य. कोणाचं नुकसान आहे का? त्या पोरांसाठी बोल. पायरी उंच आहे म्हणतोस ना?" स्वतःचा आवाज ऐकून तिला घाण वाटली. दिवसभर गल्ल्यापाशी लावते तोच आवाज होता तो. तरी ती थांबली नाही. रात्रीही सांगितलं, सकाळी अंड्यांवर मीठ टाकताना सांगितलं, सगळा आठवडा पोखरलं. शेवटी एमिल म्हणाला, "बघतो."

सुनावणी पेनसिल्व्हेनियात, दुकानांच्या रांगेत एका छोट्या खोलीत. शेजारी कपडे धुवायच्या यंत्रांचं दुकान, भिंतीतून धडधड ऐकू येत होती. न्यायाधीश म्हणजे एक जाडसर बाई, समोर पंखा लावून बसलेली. माम्कानं मी येणारच म्हणून हट्ट धरला होता. नवीन स्कार्फ बांधून ती चाकाच्या खुर्चीत पुढं बसली होती.

पोलीस उभा राहिला. "गाडी थांबवली. माल मिळाला." थांबला. "कुठं चालले होते म्हणून विचारलं. रहदारी होती. उत्तर नीट ऐकू आलं नाही."

त्या रस्त्याला त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. वरिष्ठाची गाडी सोडली तर. बर्नीनं पोलिसाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. चांगला पोरगा.

"तुम्ही सांगा," न्यायाधीश बाई एमिलला म्हणाल्या. "कुठं चालला होता?"

एमिल उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. कान पेटलेले. "राज्याबाहेर," म्हणाला.

"ते कळलं. पुढं कुठं?"

वकिलानं बुटाचं टोक आपटलं. पलीकडं कोणाची तरी कपड्यांची फेरी संपली नि धडधड थांबली. बर्नीला कळलं की तो आता खरं बोलणार. एमिल खरं बोलायच्या आधी नेहमी पायाचं वजन डावीकडं टाकायचा, मुरंब्याच्या वेळेपासून. त्यानं वजन डावीकडं टाकलं.

"बॉल्टिमोरला," माम्का म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. "समुद्र बघायला," माम्का मोठ्यानं म्हणाली. "मी पोरांना म्हटलं, नव्वद झाली, आता समुद्र दाखवा. तिथं माझी मैत्रीण ओल्गा असते. तिच्या दारासमोर पाणी. ओल्गा म्हणाली, येताना फटाके आण, इकडं महाग मिळतात."

ओल्गाला पुरून वर्षं झाली होती. ती आयुष्यभर आमच्याच गल्लीत राहिली नि तिच्या दारासमोर गटार होतं.

न्यायाधीश बाईंचं तोंड सैल झालं. पंख्याकडं वळून त्यांनी हसू जिरवलं. "आणि पोचलात का आजी समुद्राला?"

"कुठलं? याच्यामुळं," माम्का पोलिसाकडं बोट करून म्हणाली. पोलीस लाजला. मागच्या बाकावरचे दोघं हसले. खोली एकदम घरच्यासारखी झाली.

"काय हो," बाई एमिलला म्हणाल्या, "आई खरं सांगतेय?"

एमिलनं आईकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत होती, हनुवटी पुढं काढून. आता नाही म्हणावं तर नव्वदीच्या म्हातारीला भर कचेरीत खोटी ठरवावी लागणार. हो म्हणावं तर. बर्नीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा एमिलची मान एकदा खाली जाऊन वर आली होती. तोंडातून शब्द नाही. मान हलली तेवढंच.

"पुढच्या वेळी दुसऱ्या रस्त्यानं जा," बाई म्हणाल्या, नि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर वकिलानं एमिलच्या पाठीत थाप मारली. डन्फी गाडीत वाट बघत होता, त्यानं काच खाली करून अंगठा दाखवला. एमिलनं माम्काची खुर्ची घडी करून मागं ठेवली, तिला उचलून पुढं बसवलं, पट्टा लावला.

"माम्का," तो म्हणाला, "तू का बोललीस?"

"तू बोलेनास म्हणून."

"ते खोटं होतं."

"मग? मी कुणाच्या पोटात सुरी घातली का?" माम्का म्हणाली. "तुझा बाप या देशात बोटीवरून उतरला तेव्हा त्यानं वय खोटं सांगितलं, नाव अर्धं सांगितलं, फुफ्फुसं ठणठणीत सांगितली. त्याच्यावर तर हे घर उभं आहे. चल, भूक लागली."

किल्ल्या परत मिळाल्या. शाळा उघडली, एमिल बसवर गेला, नि पहिलीच्या पोरांना हात धरून पायरी चढवायला लागला. सगळं ठीक झालं. गावात त्याचं नाव पडलं बॉल्टिमोर. पेट्रोल भरायला गेला की कोणीतरी हाक मारायचं, "काय बॉल्टिमोर, समुद्राला भरती आहे का?" प्रेमानं मारायचे. आजवर एमिलशी लोक जरा जपून बोलायचे. आता पाठीवर हात टाकायला लागले. जाडा गडी तर म्हणाला, "काका, आलात एकदाचे आमच्यात." बर्नी तिथं उभी होती. तिला वाटलं, याच्या त्या हातावर, एमिलच्या खांद्यावर टाकलेल्या त्या जाड हातावर, दुकानातली दारू टाकावी नि काडी लावावी. दुकानाला मात्र ती जातच राहिली. सोडून जाणार कुठं?

एमिल एका शनिवारी चर्चला पापकबुली द्यायला गेला. परत आला नि बर्नीच्या स्वयंपाकघरात टोपी घालूनच बसला.

"फादर म्हणाले, हे काही पाप नाही. आईची लाज राखलीस, पोरांची सोय केलीस."

"बरोबर म्हणाले."

"मी म्हटलं, फादर, मग पाप कशाला म्हणायचं? ते म्हणाले, एमिल, बाहेर लोक थांबलेत." त्यानं टोपी काढली. "मग हसले."

बर्नीनं विचारलं नाही कसे हसले.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थनेच्या शेवटी सगळे बाकांवरून उठतात नि रांगेनं पुढं जातात, फादर जिभेवर प्रसादाची पातळ चकती ठेवतात. ज्याच्या मनावर पाप आहे त्यानं जायचं नसतं, पण न जाणारा कोणी आमच्या चर्चमध्ये बर्नीनं बघितला नव्हता. बाक रिकामे व्हायला लागले. एमिल बसून राहिला. गुडघे आवळून, हात मांडीवर. माणसं त्याच्या गुडघ्यांना घासून जात होती. मेयर गेला. जाडा गडी गेला. डन्फी त्याच्या बायकोसह गेला, जाताना त्यानं एमिलच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. पोलाद ओतल्यासारखी ती रांग सरळ, शांत पुढं सरकत होती, नि प्रत्येकजण तोंड उघडून घेत होता, मिटून परत येत होता.

बर्नीनं माम्काची खुर्ची ढकलली. माम्कानं आपली चकती घेतली नि एखाद्या पोरीसारखं खुशीत तोंड मिटलं. मग बर्नीची पाळी आली. आपण मागं फिरावं असं तिला वाटलं. मागं रांग होती. तिनं तोंड उघडलं.

परत येताना माम्कानं एमिलला बघितलं. सगळ्या चर्चला ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं, "हा का बसलाय? गेला का नाही?"

चार-पाच माना वळल्या. एमिलनं वर बघितलं नाही.

"गुडघे दुखतात त्याचे, माम्का," बर्नी म्हणाली. तिच्या जिभेवरची चकती अजून विरघळली नव्हती.